पाण्याच्या बाटल्या आणि पांडवलेणी

आठवड्यातले तीन दिवस पहाटे मी नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी असते. पाठीवर साठ लिटरची सॅक, आत पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या आठ बाटल्या. रोज चढणारी मंडळी आता ओळखायला लागलीत. पहिल्या आठवड्यात एक आजी थांबल्या. "एवढं बोचकं घेऊन कुठं गं निघालीस?" म्हटलं, "धोडपला." त्यांना वाटलं, मी वाट चुकलेय.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही पाच जणांनी सातमाळेची रेंज, म्हणजे एका डोंगररांगेतले सलग किल्ले, धरली होती. मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, शेवटी धोडप. तीन दिवस, दोन मुक्काम. तोवर हरिहर, अंजनेरी, कळसूबाई असं बरंच काही पायाखालून गेलं होतं, पण सगळं एका दिवसाचं. पाठीवर छोटी पिशवी, दोन लिटर पाणी, डबा आणि रात्री घरी. रेंजसाठी मी उसनी सॅक आणली आणि हाताला येईल ते कोंबलं. भरली तेव्हा १६ किलो झाली. माझं वजन ५४. पाच लिटरचा कॅन आत मावेना, म्हणून सुतळीने बाहेर बांधला.

दुसऱ्या दिवशी रवळ्या-जावळ्याच्या पठारावरून उतरताना घसारा लागला. मुरमावर पाय सरकला तर एरवी आपण सावरतो. त्या दिवशी कॅन एका अंगाला झुलला आणि मला घेऊन गेला. झुडपात अडकले म्हणून थांबले. गुडघा संध्याकाळपर्यंत टम्म. बाकीचे तिसऱ्या दिवशी धोडप चढले, मी खाली हट्टी गावातल्या ओट्यावर बसून त्या कातळभिंतीतली खाच बघत राहिले. ती खाच मला अजून दिसते.

तेव्हापासून मी वजनाचा अभ्यास करते आहे, अगदी मनापासून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवायची आणि वहीत लिहायची. जीन्सच्या जागी पातळ ट्रॅक पँट, टॉवेलच्या जागी पंचा, दोघींत एक पातेलं. कपड्यांचा तिसरा जोड घरी. चार वस्तू मात्र काट्यावर ठेवतच नाही, कारण त्यांच्याशी घासाघीस करायची नाही: स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च आणि तिचे जास्तीचे सेल, औषधांची पिशवी, पाणी.

पाण्यावर तर जरा जास्तच बोलेन. किल्ल्यावर कातळात खोदलेलं टाकं आहे म्हणजे पाणी आहे असं नाही, आणि पाणी आहे म्हणजे ते पिण्यासारखं आहे असंही नाही. त्या ट्रेकला एका टाक्यापाशी गुरं घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "ताई, यातलं नका घेऊ, पलीकडच्यातलं घ्या." आम्ही बाटल्या बुडवणारच होतो. आता निघण्याआधी पायथ्याच्या गावात विचारते, कोणतं टाकं चालू आहे. तरीही फडक्यातून गाळून खळखळून उकळते, नाहीतर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबते. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यातून सुटका नाही. म्हणून वाटेत पाणी कुठे मिळेल हे आधी ठरवते आणि मग किती उचलायचं ते.

सॅक अंगावर चढवायलाही शिकावं लागतं. आधी सगळे पट्टे सैल करायचे. कमरेचा पट्टा पोटावर नको, दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे. तो आवळायचा, मग खांद्याचे. भार कमरेने घ्यायचा, खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा. पाणी आणि शिधा पाठीला चिकटून, मध्यावर. बाहेर काहीही लोंबकळता कामा नये. हे शेवटचं मी गुडघ्याने शिकले.

आणि पांडवलेणी. सुरुवात चार लिटरने केली, दर आठवड्याला एकेक वाढवत गेले. पहिला महिनाभर वर पोहोचले की सगळं पाणी झाडांना घालायचे आणि रिकामी सॅक घेऊन उतरायचे. चढताना फुफ्फुसं आणि पोटऱ्या तयार होतात, गुडघ्यांना उतरताना मार बसतो, म्हणून आधी त्यांना सूट दिली. पाचव्या आठवड्यापासून दोन बाटल्या भरलेल्याच ठेवून उतरायला लागले, मग तीन, मग चार. घरी जिन्याच्या पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवते. दोन्ही पायांचं पंधरा-पंधरा वेळा. मांडीचा पुढचा स्नायू लांबता लांबता भार पेलायला शिकतो, आणि उतारावर त्याचं तेच काम असतं. सुरुवातीला दोन दिवस जिना उतरवत नव्हता.

बूट तेच जुने, सह्याद्रीत निम्मे लोक घालतात ते ॲक्शन ट्रेकिंगचे. नवीन घेणार होते, पण कातळावर यांची पकड मला माहीत आहे.

परवा सहा लिटर घेऊन कुठेही हात न टेकता खाली आले. त्या आजी पायथ्याशी भेटल्या, विचारलं, "धोडप कधी?" फेब्रुवारीत, म्हटलं. येत्या रविवारी रामशेज किल्ला आहे, बारा किलो घेऊन, आशेवाडीतून वर आणि त्याच वजनाने खाली.