सोंग आणि झोप

मंगळवार, रात्री

सकाळी नाशिकरोडहून सिटी बसने येताना पाठीला छान ऊब लागत होती. निफाडचा पारा उतरला की आपल्याकडेही दात वाजतात, त्यामुळे द्वारकेपर्यंत बरंच वाटलं. मुंबई नाक्याला डोक्यात प्रकाश पडला, की ऊब सॅकमधून येतेय. झाकण मी स्वतः बंद केलं होतं, तरी लॅपटॉप आत टक्क जागा. पंखा घरघरतोय, बॅटरी ११ टक्के.

तसं महिनाभर चाललंच होतं. रात्री ८४ टक्क्यांवर झाकण लावायचं, सकाळी ६१. जुना घेतलेला लॅपटॉप, म्हणून बॅटरीलाच शिव्या घालत होतो. आज पहिल्यांदा लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेम-स्लीप फाइलीत (झोपेचा प्रकार इथे ठरतो) डोकावलो. आत दोन शब्द, एस-टू-आयडल आणि डीप. चौकटी कंस पहिल्याभोवती, म्हणजे चालू तोच. यात लिनक्स सगळे प्रोग्राम गोठवतो, उपकरणांना जमेल तितकं शांत करतो, पण प्रोसेसर बंद होत नाही, नुसता रिकामा बसून राहतो. झोपेचं सोंग! डीपमध्ये मात्र फक्त रॅमला वीज मिळते, बाकी अंधार.

कर्नल सुरू होताना वाचतं त्या बूट ओळीत डीप लिहून टाकलं. आता झोपतो. दोघेही.

बुधवार

सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. माझ्याकडे उलटं. सोंग घेणारा बसच्या धक्क्याने उठतो आणि खरोखर झोपलेला उठतच नाही. सकाळी झाकण उघडलं तर पंखा फिरतोय, पडदा काळा. कॅप्स लॉक दाबून पाहिलं, दिवा ढिम्म. बटण दाबून धरणे, हा एकच उपाय. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच.

शुक्रवार, उशिरा

दोन दिवस ग्राफिक्सच्या मागे लागलो. पडदा काळा म्हणजे दोष पडद्याचा, एवढं साधं गणित केलं होतं. चूक होती. कॅप्स लॉकचा दिवाही लागत नव्हता, म्हणजे नुसता पडदा नाही, अख्खं कर्नल अडकलं होतं. ते बुधवारीच डोळ्यांसमोर होतं की! आणि लॉग (मशीनची नोंदवही) पाहावा तर शेवटची ओळ झोपायच्या आधीची. उठताना डिस्क जागी होण्याआधीच सगळं ठप्प, मग लिहिणार कुठे?

यावर कर्नलवाल्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. तिचं नाव पीएम-ट्रेस. उठण्याच्या त्या अवस्थेत खात्रीने हाताशी असलेली आणि रीबूटनंतरही टिकणारी एकच जागा असते, मशीनचं घड्याळ. मग प्रत्येक पायरीची खूण तारीख-वेळ म्हणून त्या घड्याळातच लिहायची. मशीन अडकलं की लगेच रीबूट करायचं (काटे पुढे सरकत असतात, उशीर झाला की खूण पुसट होते) आणि तारखेवरून उलगडायचं, की गाडी कुठे थांबली. बुडणाऱ्याने मनगटावरच्या घड्याळात निरोप ठेवावा तसं.

रीबूटनंतर लॉगमध्ये नाव निघालं, कार्ड रीडर! ज्या खाचेत मी आजवर एकही कार्ड घातलेलं नाही, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम. तो काढून टाकला, पुन्हा लोड होऊ नये म्हणून ब्लॅकलिस्टमध्ये घातला. झाकण लावलं, उघडलं. उठला! रात्री दीड वाजता 'उठला रे!' असं ओरडलो, तर बाबा आतून म्हणाले, "कोण उठला? झोप आता."

एक गंमत राहिली. इंटरनेट जोडण्याआधी ही रोजनिशी सेव्ह केली, तर फाइलीवर तारीख पडली २०४३ ची.

रविवार

डीप लागू झालं, तरी काल सॅकमध्ये परत जागा! हे मात्र अर्ध्या तासात सापडलं. माउसचा चिमुकला रिसीव्हर यूएसबीत तसाच, आणि माउस त्याच सॅकमध्ये, चालू. सिडकोच्या स्पीडब्रेकरवर माउस हलला की लॅपटॉपला वाटायचं, मालक आले. एसीपीआय म्हणजे वीज आणि झोप सांभाळणारी व्यवस्था; झोपलेल्याला कोण उठवू शकतं त्या तिच्या वेकअप यादीत यूएसबी कंट्रोलरसमोर 'एनेबल्ड' लिहिलेलं होतं. ते बंद केलं. रीबूट केलं की ते पुन्हा चालू होतं, म्हणून सुरुवातीलाच चालणारी दोन ओळींची सर्व्हिस लिहिली. माउसच्या पोटाखालचं बटण बंद केलं असतं तरी भागलं असतं, पण ते मला रोज आठवणार नाही.

काल रात्री ८४. आज सकाळी ८२.

चहा घेताना बाबा कपाटातून जुना कॅमेरा काढून बसले होते. वणीच्या गडावरचे फोटो आहेत म्हणे, आत्याला पाठवायचेत. "तुझ्या लॅपटॉपला ती कार्डाची खाच आहे ना रे?"

म्हटलं, "आहे बाबा. पण कार्ड घालायच्या आधी मला हाक मारा."