धुळ्यातला खाऱ्या पाण्याचा टँक आणि हॅचरीतले मासे

समुद्रातून पकडलेला एकही मासा घरात आणायचा नाही, हे आधी ठरलं. टँक दोनशे लिटरचा घ्यायचा, हे नंतर. आमच्या देवपुरात गोड्या पाण्याचे फिशटँक घरोघरी दिसतात, खाऱ्या पाण्याचं मात्र सगळ्यांना अप्रूप. आईने सरळ अहिराणीत विचारलं, "मीठना पानीमा मासा जगतस का रे?"

जगतात. पण फिलिपिन्स-इंडोनेशियाकडे सायनाइड फवारून बधिर करून पकडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही. वरून ठणठणीत दिसतो, दाण्याला तोंड लावत नाही आणि वाळत जातो. हॅचरीतला, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात पैदा झालेला मासा लहानपणापासून दाण्यावर पोसलेला असतो. धुळ्यात रोज जिवंत खाद्य कुठून आणणार? तेव्हा हा नियम निम्मा तत्त्वाचा, निम्मा सोयीचा.

खरी कसोटी पाण्याची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारा डीआय फिल्टर लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणावा लागला. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, आणि खान्देशात पाणी वाया घालवणाऱ्याला घरातले सुखाने जेवू देत नाहीत. ते पाणी पिंपात साठवून फरशी आणि भांड्यांना वापरतो. मग मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं तयार समुद्री मीठ लागतं, लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे टँक भरायलाच सात किलो. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 घनता दिसली की झालं.

खडक सिरॅमिकचे घेतले. प्रवाळाचे कडक प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही. कोणी "चालतं हो, सगळे ठेवतात" म्हणालं तरी त्या वाटेला जायचं नाही. माशांच्या घाणीतून होणारी विषं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, पचवणारे जिवाणू आधी टँकमध्ये बसावे लागतात; म्हणून दोन्ही शून्य येईपर्यंत टँक माशांविनाच चालवायचा, त्याला महिना-दीड महिना सहज जातो. शेजारचे रोज डोकावून विचारायचे, "मासे कुठे आहेत?"

उन्हाळ्याची भीती सगळ्यांनी घातली होती. बाहेर 44 अंश आणि माशांना हवं 26-27. पाणी थंड करणारा चिलर महाग, लाइट गेली की तोही बंद. पण आपली हवा कोरडी असते, हे इथे कामी आलं. पाण्यावर झोत टाकणारा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. वर खोलीत कूलर. मुंबईच्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होत नाही. मात्र उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नव्हे. पंखा आणि एअर पंप इन्व्हर्टरवर.

आता मासे. आपल्याकडे क्लाउनफिशच्या, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या 'निमो' माशाच्या पैदाशीचं काम बरंच पुढे गेलंय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्याच्या हॅचरीचं तंत्र बसवलं. दुकानात मात्र "ब्रीडचा आहे" हे शब्द प्रत्येक माशाला लागतात. कुर्ल्याच्या एका दुकानात मी म्हटलं, "दादा, माझ्यासमोर दोन दाणे टाका." एका टाकीत बोटाच्या पेराएवढे, सगळे एका मापाचे मासे होते, दोघांचा पांढरा पट्टा अर्ध्यातच तुटलेला. दाणे पडताच सगळे वर झेपावले. पट्टा तुटणं हॅचरीत सर्रास होतं, म्हणजे हे खरोखर तिथलेच असावेत. शेजारच्या टाकीतले लहान-मोठे मिसळलेले होते, कोपऱ्यात तोंड खुपसून. दोन्ही टाक्यांचं पाणी मात्र एकाच फिल्टरमधून फिरत होतं, म्हणजे रोग दोघांना सारखाच. म्हणून मी दुकानातले न घेता, हॅचरीतून थेट येणारं पाकीट मागवलं, हॅचरीच्या बिलासकट.

थर्मोकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आले. इथे घाई आणि उशीर दोन्ही नडतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की वायू निघतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहर होतो. त्यामुळे थेंब थेंब पाणी सोडत तासभर बसायचं नाही. हॅचरीला पाण्याचा खारटपणा आधीच विचारून घेतला होता, नवे मासे काही दिवस वेगळे ठेवायचा क्वारंटाइनचा टब तेवढ्यावरच ठेवला. पिशवी बंद ठेवूनच तरंगवली, तापमान जुळल्यावर उघडली, पेल्याने मासे लगेच टबात सोडले आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. टबातले दिवस संपल्यावर मोठा टँक.

दोन क्लाउनफिश, मग बांगाई नावाच्या कार्डिनल माशाची जोडी. बांगाई मूळचा इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांचा, 2007 पासून संकटग्रस्त यादीत. नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्लं तयार होऊनच बाहेर येतात, म्हणून तो घरीही पैदा होतो. तरी बाजारात पकडलेलेच स्वस्त मिळतात, हे मला अजून पचलेलं नाही.

पुतण्याला निळा टँग, म्हणजे सिनेमातला 'डोरी' मासा हवा होता. 2016 मध्ये फ्लोरिडात त्याची पैदास जमली खरी, पण मी विचारलं त्या प्रत्येक दुकानात तो समुद्रातूनच पकडलेला होता, आणि दोनशे लिटर त्याला पुरतही नाहीत. नाही म्हटल्यावर पुतण्या दोन दिवस फुगून बसला. डॉटीबॅक हा छोटा मासा भांडकुदळ, म्हणून त्याला सगळ्यात शेवटी आणणार. त्याआधी निऑन गोबी हा आणखी एक छोटा मासा. हॅचरीत नंबर लावून ठेवलाय, पुढची बॅच निघाली की फोन येईल.