ई५२०० चा हिशेब : थंडीत ३.७५, मे महिन्यात ३.३३

पेंटियम ई५२०० च्या ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे त्याला ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचं, काम आता आकडे मांडण्याइतपत पुढे सरकलंय. ज्यांनी इंटेलच्या ७७५ सॉकेटचा (मदरबोर्डवर प्रोसेसर बसायच्या जागेचा) जमाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: २००८ सालचा, ४५ नॅनोमीटरचा, दोन कोरचा प्रोसेसर. मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, एल२ कॅश २ एमबी, कागदावर ६५ वॅट. कोअर २ ड्युओ खिशाला झेपत नसे तेव्हा लोक हा घ्यायचे. आज तो जुन्या ऑफिस पीसींच्या ढिगात जवळपास फुकटात मिळतो.

आपल्याला त्याचा एकच गुण प्यारा, तो म्हणजे मल्टिप्लायर. प्रोसेसरचा वेग म्हणजे एफएसबी (बोर्ड आणि प्रोसेसरमधल्या बसचा मेगाहर्ट्झमधला वेग) गुणिले मल्टिप्लायर. ई५२०० ची एफएसबी २०० (चौपट करून लिहितात तेव्हा ८००) आणि मल्टिप्लायर १२.५, त्यामुळे एफएसबी एकाने वाढवली की वेग साडेबारा मेगाहर्ट्झने वर जातो. जुन्या कोअर २ ड्युओ ई६३०० चा मल्टिप्लायर ७. त्याला ३.३३ वर न्यायचं तर एफएसबी ४७६ लागेल, आणि तिथे पोचायच्या कितीतरी आधी जी४१ चिपसेटचा साधा मदरबोर्ड मान टाकतो. ई५२०० ला त्याच वेगासाठी २६६ पुरते. २६६ म्हणजे बोर्डाच्या दृष्टीने रोजचंच काम.

विकत घेताना चिपच्या झाकणावरचा कोड वाचा. एसएलएवाय७ असेल तर एम० स्टेपिंग (चिपच्या आराखड्याची आवृत्ती), एसएलबी९टी असेल तर नंतरचं आर०. माझ्याकडे आर० आहे. सोबत जी४१ बोर्ड आणि डीडीआर२ ८०० च्या दोन रॅम.

फेब्रुवारी

नागपुरात फेब्रुवारी म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा सीझन. सुरुवातीला बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सी१ई आणि स्पीडस्टेप ही रिकाम्या वेळी वेग उतरवणारी सोय बंद केली, पीसीआय एक्स्प्रेसचा (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा) वेग १०० वर लॉक केला. हे लॉक विसरू नका. काही बोर्ड एफएसबीबरोबर तेही गुपचूप वाढवतात, आणि मग हार्डडिस्क गायब झाली की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

२६६ वर रॅमचं गणित आपोआप जुळतं: २:३ च्या डिव्हायडरला (एफएसबी आणि रॅमच्या गुणोत्तराला) ४००, म्हणजे डीडीआरचं दुप्पट धरून बरोबर डीडीआर२ ८००. व्होल्टेज ऑटोवर ठेवलं तर बोर्ड उगाच जास्त देतो, म्हणून हाताने १.२२५ लावलं. ३.३३ गिगाहर्ट्झ, प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन चुका पकडणारा प्रोग्राम) चं स्मॉल एफएफटी रात्रभर चाललं, एकही एरर नाही. सुपरपाय १एम, म्हणजे पायचे दहा लाख अंक काढायची चाचणी, साडेचोवीस सेकंदांवरून सव्वाअठरावर आली.

पुढचा टप्पा ३०० गुणिले १२.५, म्हणजे ३.७५. इथे रॅम २:३ वर ठेवली तर ती ९०० ला जाते आणि माझ्या रॅमला ते सोसत नाही, म्हणून ४:५ घेऊन ७५० वर आणली. व्होल्टेज चढत चढत १.३५ ला स्थिरावलं. सुपरपाय सव्वासोळा सेकंद. स्क्रीनशॉट काढला, छाती दोन इंच फुगली, खोटं कशाला बोलू.

४ गिगाहर्ट्झसाठी ३२० लागते, पण तिथे डिस्प्लेच येईना. अशा वेळी लोक सरळ व्होल्टेज वाढवत सुटतात. त्याआधी मल्टिप्लायर खाली आणून बघा. मी ८ वर आणला, म्हणजे वेग जेमतेम २.५६, कोरला काहीच त्रास नाही. तरीही मशीन उठेना. याचा अर्थ अडचण कोरच्या वेगाची नाही, एफएसबीची भिंत आहे. मग ती बोर्डाची की चिपची? त्याच बोर्डावर मित्राचा कोअर २ ड्युओ ई८४०० बसवला, तो ३६० पर्यंत निमूट चढला. दोघांचा एफएसबी स्ट्रॅप (मूळ एफएसबीप्रमाणे चिपसेटची ठरणारी अंतर्गत मांडणी) वेगळा असल्यामुळे हा शंभर टक्के पुरावा नाही, पण माझा संशय चिपवरच आहे. या मालिकेतल्या चिपना अशा भिंती असतातच.

तापमान मोजताना

४५ नॅनोमीटरच्या या चिपमधले सेन्सर खालच्या तापमानाला अडकतात. माझा एक कोर रिकामा असताना ४४ च्या खाली उतरतच नाही, मग खोलीत स्वेटर घालायची वेळ असो. त्यामुळे रिकाम्या मशीनचं तापमान कोणी सांगितलं तर मी ते मनावर घेत नाही. रिअलटेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममधलं ‘कमाल मर्यादेपासूनचं अंतर’ पूर्ण लोडवर बघायचं, तोच आकडा कामाचा.

मे

आता खरी परीक्षा. बाहेर ४५, कूलर चालू असूनही दुपारी खोलीत ३६-३७, आणि लाइट गेली की चाळीस. फेब्रुवारीत रात्रभर टिकलेलं ३.७५ दुपारच्या प्राइममध्ये तासाभरात एका वर्करवर एरर देऊन थांबलं. १.३६२५ ला रात्री चालतं, दुपारी नाही. हेच इंटेलच्या डेटाशीटमधलं या चिपच्या व्हीआयडीचं (चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजचं) वरचं टोक, त्यापलीकडे मी रोजच्या वापरासाठी जात नाही. ज्यांना जायचं त्यांनी जावं, चिप त्यांची आहे.

गणित करून बघा. चिपमधली उष्णता साधारण वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३.३३ वरून ३.७५ म्हणजे वेग साडेबारा टक्क्यांनी जास्त. व्होल्टेज १.२२५ चं १.३५, म्हणजे त्याचा वर्ग एकवीस टक्क्यांहून जास्त. दोन्ही मिळून उष्णता छत्तीस-सदतीस टक्क्यांनी वाढते. सुपरपायमधल्या दोन सेकंदांसाठी मे महिन्यात खोलीत वेगळी शेगडी कोण पेटवणार?

शिवाय आधी दमतो तो बोर्ड. सॉकेटशेजारचे मॉस्फेट, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग, या बोर्डावर उघडेच आहेत. आयआर थर्मामीटरने ३.७५ वर मोजले तर ९७. जुन्या मेलेल्या बोर्डावरचा हीटसिंक करवतीने कापून त्याचे तुकडे थर्मल टेपने मॉस्फेटवर चिकटवले, बाजूला ८० मिमीचा पंखा बांधला, तेव्हा ८१ वर आले. दहा रुपयांची टेप आणि अर्ध्या तासाची किसकिस, पण या सगळ्या खटाटोपातला सर्वात वसूल झालेला खर्च हाच.

कूलिंगच्या बाबतीतही मोठा खर्च केला नाही. ई५२०० बरोबरचा मूळ कूलर बुटका आणि निव्वळ ॲल्युमिनियमचा असतो. सुरुवातीच्या कोअर २ ड्युओबरोबर यायचा तो उंच, मधोमध तांब्याचा ठोकळा असलेला कूलर भंगारवाल्याकडे मिळाला. त्याच पुशपिना (दाबून बसवायच्या पिना), तोच पंख्याचा आवाज, आणि लोडवर सात अंश कमी. पिना बसवताना बोर्ड बाहेर काढून मागून बघा, चारही पिनांचे काळे दांडे आरपार आलेले दिसले पाहिजेत. केसमध्येच दाबून बसवलं तर बोर्ड वाकतो आणि एक कोपरा हमखास अधांतरी राहतो.

सध्या बायोसमध्ये दोन प्रोफाइल आहेत: थंडीत ३.७५, उन्हाळ्यात ३.३३. मशीनवर डेबियन लिनक्स आहे, घरात टायपिंग, गाणी आणि जुने गेम यासाठी ३.३३ भरपूर झालं. एसएसई४.२ हा सूचनासंच या चिपमध्ये नसल्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती इथे चालणारच नाही, तेव्हा त्यावर डोकं लावू नका.

पुढे

आणखी एक ई५२०० ब्रँडेड ऑफिस पीसीमध्ये मिळालाय. त्याच्या बायोसमध्ये एफएसबीचा पर्यायच नाही. तिथे बीएसईएल मॉड करायचंय, म्हणजे एफएसबी किती ते बोर्डाला सांगणारे चिपच्या तळाचे पॅड बदलून त्याला चकवायचंय. १०६६ वरून १३३३ ला नेताना नुसत्या चिकटपट्टीने एक पॅड झाकला की भागतं, पण ८०० वरून १०६६ साठी पॅड जमिनीला, म्हणजे शेजारच्या ग्राउंड पॅडला, जोडावा लागतो. त्यासाठी कारच्या मागच्या काचेवरच्या डीफॉगरच्या रेघा दुरुस्त करायचा चांदीचा पेंट वापरतात. सीताबर्डीत दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडे मला काचेला लावायची फिल्म दाखवली. नागपुरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कोणाला हा पेंट छोट्या बाटलीत मिळाला असेल तर सांगा. आणि ज्यांनी हे केलंय त्यांनी एक सांगावं: काही महिन्यांनी सॉकेटच्या पिनेखाली तो पेंट खरवडला जातो का?