भाचीचे कान

"मामा, वर कुणीतरी चिमट्यानं तवा वाजवतंय."

मी वर बघितलं. फेब्रुवारीतली रात्र, जांबोटीच्या आजोळचं अंगण, माथ्यावर नुसतं आभाळ. मला कसलाच आवाज येत नव्हता. माझं वय ५८, भाचीचं १९. हातातल्या बॅट डिटेक्टरची, म्हणजे वटवाघळांचे आवाज आपल्या कानाला ऐकू येतील असे करणाऱ्या यंत्राची, डायल मी ८० किलोहर्ट्झवर लावून ठेवली होती, कारण परसातल्या आंब्याखाली नालनाकी (नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली) वटवाघळं फिरतात आणि त्यांची पिर्र अशी शीळ त्याच सुमाराला सापडते. ती म्हणाली म्हणून डायल खाली आणली. साठ, चाळीस, वीस. पंधराच्या जवळ आल्यावर डिटेक्टर बोलायला लागला. टक्... टक्... टक्. घाई नाही, गडबड नाही.

वटवाघळांचे आवाज माणसाला ऐकू येत नाहीत, असं आपण शाळेत शिकलो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं आहे. पण उंचावर, मोकळ्या हवेत वेगाने उडणाऱ्या काही जाती इतका खालचा सूर लावतात, की तरुण कानाला तो पकडता येतो. खालचा सूर लांबवर पोचतो, आणि झाडांच्या वर शिकार करणाऱ्याला प्रतिध्वनीवरून लांबचंच बघायचं असतं. झुडपांत शिरणाऱ्याचं गणित उलटं. त्याचे पंख आखूड, रुंद. सूर वरचा आणि कान जवळच्या पानावर. सदाहरित जंगलात एकाच जागी इतक्या जाती मावतात त्यातलं निम्मं गुपित इथंच आहे. मलेशियातल्या क्राऊच्या एका राखीव जंगलात साठाहून जास्त जाती नोंदल्या आहेत. जमिनीलगत वेगळी, मधल्या फांद्यांत वेगळी, शेंड्यांवर वेगळी. चाळीतल्या मजल्यांसारखंच म्हणा ना.

आता जांबोटीतच माझी छाती का धडधडली ते सांगतो. इथून जंगलात आत, बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्याच तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका वटवाघळाला १९१३ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी शास्त्रीय नाव दिलं. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांच्यावरून ते रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ झालं. चॉकलेटी अंग, मानेवर फिकट पट्टा, आणि कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकांना चिकटून टोपीच्या झापेसारखे पुढे आलेले. पुढची कित्येक दशकं पुस्तकांत त्याचा पत्ता एकच होता: बारापेडे. अख्ख्या जगात आमच्या तालुक्यातली एक गुहा! लहानपणी हे माहीत असतं तर वर्गात किती मिरवलं असतं.

मग आमची मक्तेदारी मोडली. एक नमुना कंबोडियात मिळाला, पुढे मेघालयाच्या गुहांतही ते सापडलं. खानापूर, मेघालय, कंबोडिया. नकाशावर तीन ठिपके, आणि मधे हजारो किलोमीटर कोरे. ते प्राणी मधल्या मुलखात खरंच नाहीत, की तिथे रात्री कुणी मान वर करून उभंच राहिलं नाही? मला दुसरं जास्त पटतं. जंगलात वटवाघळं मोजायची जुनी रीत म्हणजे बारीक जाळं. त्यात फळं खाणारी भरपूर सापडतात, कारण त्यांच्यातली बहुतेक डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. कीटक खाणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना प्रतिध्वनीवरून दोरा कळतो, ते वळसा घालून जातात. आणि शेंड्यांच्या वरून जाणाऱ्याचा जाळ्याशी संबंधच येत नाही. वही भरते, पण ती जाळ्याची वही असते, जंगलाची नव्हे.

कपाटात ठेवलेलं तरी नीट दिसतं का? १९४८ साली हटन नावाच्या निसर्गअभ्यासकाने तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात ते दुसऱ्याच, अगदी सर्रास दिसणाऱ्या जातीच्या नावाखाली पडून होतं. १९७२ मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी ते निरखून पाहिलं आणि ही जातच काय, तिच्या वरचा गट म्हणजे प्रजातीही (जीनस) नवीन असल्याचं सांगितलं. नाव दिलं सलीम अलींचं. जवळजवळ पाव शतक खोटी चिठ्ठी! वन्यजीव कायद्यातली गंमत तर याहून वरची. सलीम अलींचं हे वटवाघूळ आणि आमचं रॉटनचं, ही दोन वाघ-हत्तींच्या पहिल्या यादीत. बाकीची फळखाऊ वटवाघळं मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत कावळ्या-उंदरांसोबत उपद्रवी म्हणून. जंगलभर बिया टाकत फिरणाऱ्यांना हे बक्षीस.

तर, त्या रात्री. रस्त्यावरून जाणारे एक काका फाटकाशी थांबले. "काय करालाय अंधारात?" मी म्हटलं, वटवाघळं ऐकतोय. त्यांनी एकदा डिटेक्टरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सायकल पुढे काढली.

पुढची वीस मिनिटं आम्ही चिवडा खात उभे होतो. ती बोट वर करायची, मी डायल लावायचो, आणि दर वेळी टकटक तिथंच. मशीन खरं ठरत होतं तिच्यामुळे, उलट नाही. मी मान दुखेपर्यंत वर बघितलं, एकदाच चांदण्यांवरून काहीतरी लांब, निमुळतं सरकलं. बारापेडेचंच कुणी असेल, असं ओठांवर आलं होतं. पण मोकळ्या शेपटीची दुसरीही एक जात, इजिप्शियन, आपल्याकडे आहे. तीही उंच उडते आणि तिचाही सूर खालचाच. दोघांतला फरक रेकॉर्डिंगचा आलेख काढून बघावा लागतो, आणि रेकॉर्डर मी पुण्यात टेबलावर विसरून आलो होतो. (बायको निघताना दोनदा म्हणाली होती, "सगळं घेतलं ना?")

गुहेकडे जायचं भाचीने सुचवलं. मी नको म्हटलं. गुहा ज्या जंगलात आहे ते भीमगड आता अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आणि परवानगी असती तरी दिवसा झोपलेल्या वसाहतीच्या तोंडावर टॉर्च मारायला माझं मन धजत नाही.

वही तिच्याकडे होती. सकाळी चहा घेताना बघितलं तर वेळेच्या रकान्यात १०:४०, आवाजाच्या रकान्यात 'तवा', कुणी ऐकला या रकान्यात स्वतःचं नाव, आणि त्याखाली कंसात 'मामाला नाही'. जातीचा रकाना कोराच होता. तो मीही तसाच ठेवला.