लेकीचा कोर्स आणि कलम ३७

डॉक्टर मंडळींच्या हिशेबात शिक्षणाचा खर्च सहसा किरकोळ असतो. कॉन्फरन्सची फी, एखादं जर्नल, पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपची पावती. ‘कॉन्फरन्स व सेमिनार’ या खात्यात नोंद करायची आणि पुढं जायचं. मी सीए. माझ्याकडं कोल्हापूर-सांगली भागातले बरेच डॉक्टर क्लायंट आहेत, पण या खात्यावरून आयकर विभागापुढं कुणाची सुनावणी व्हायची वेळ कधी आली नव्हती. २०२५ च्या फेब्रुवारीत ती आली, आणि त्या दिवशी ऐकलेलं मी आता प्रत्येक डॉक्टर क्लायंटला सांगतो.

मॅडम दंतवैद्य. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा जुना दवाखाना आहे, दोन डेंटल चेअर्सचा. मुलगी बीडीएस झाली, इंटर्नशिप संपवली आणि आईच्याच दवाखान्यात पगारावर लागली. स्टाफ तिला छोट्या मॅडम म्हणतो. २०२२-२३ या आर्थिक वर्षात मॅडमनी तिला एन्डोडॉन्टिक्सच्या, म्हणजे रूट कॅनॉलच्या, कोर्सला पाठवलं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष काम शिकवणारा, टप्प्याटप्प्यानं चालणारा कोर्स. फी १,८०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,१२,४००. दवाखान्याची सेवा जीएसटीतून माफ असल्यानं त्या ३२,४०० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वळती, मिळत नाही, म्हणून सगळी रक्कम खर्चात धरली. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅडम स्वतः जर्मनीत कोलोनला आयडीएस हे दंतवैद्यकाचं मोठं प्रदर्शन बघायला गेल्या. सोबत यजमान होते, आणि तिथून दोघं स्वित्झर्लंडला.

दवाखान्याची वर्षाची जमा ५० लाखांच्या वर होती, त्यामुळं ऑडिट होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीए खाली निम्मी जमा नफा म्हणून दाखवणारे डॉक्टर मला दरवर्षी विचारतात, ‘सर, कोर्सची फी वेगळी वजा होईल ना?’ नाही होत. उरलेल्या निम्म्यात तुमचे सगळे खर्च आले असंच कायदा धरतो, कोर्सही त्यातच. वजावटीचा प्रश्न येतो तो पुस्तकं ठेवून खरा नफा दाखवणाऱ्यांचा.

रिटर्न स्क्रुटिनीला, म्हणजे खात्याच्या सविस्तर तपासणीला, लागलं. कलम १४३(२) ची नोटीस, मग १४२(१) ची प्रश्नावली, सगळं पोर्टलवर. फेसलेस पद्धतीत समोर कोण आहे, कुठल्या शहरात बसलंय, काही कळत नाही. टूर पॅकेजवर टूरवाल्यानं घेतलेला ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्यानं गोळा करून भरायचा कर) मॅडमच्या २६एएस मध्ये, म्हणजे खात्याकडच्या करनोंदींच्या उताऱ्यात, दिसत होता, त्यावरून परदेश प्रवासाचा तपशील मागितला होता. ते अपेक्षित होतं. टूरवाल्याचं बिल दोघांचं मिळून ४,६०,००० चं होतं. आम्ही यजमानांचा अर्धा हिस्सा आधीच बाहेर काढला होता, स्वित्झर्लंडचा भागही काढला होता, आणि फक्त १,४०,००० रुपये दवाखान्याच्या खर्चात दाखवले होते. कोर्सच्या वेळी काउंटरवर रोख देऊन घेतलेला १४,००० चा एक किटही आम्हीच नामंजूर धरला होता, कारण एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलं की कलम ४०ए(३) आडवं यायचं.

खरा घाव पडला कोर्सवर. कारणे दाखवा नोटिशीत लिहिलं होतं की, हा आईनं मुलीच्या शिक्षणावर केलेला घरगुती खर्च आहे, सबब कलम ३७(१) खाली अमान्य का करू नये. आणि त्याखाली आणखी एक पाचर: व्यवसायाचा मानला तरी त्यातून कायमस्वरूपी फायदा मिळतो, म्हणून तो भांडवली खर्च का नाही?

१९६१ च्या कायद्यातल्या कलम ३७(१) ची अट थोडक्यात अशी होती: खर्च भांडवली नको, खाजगी नको, आणि पूर्णपणे व केवळ व्यवसायासाठी झालेला हवा. ‘पूर्णपणे व केवळ’ या तीन शब्दांत सगळं अडकतं. त्यात रक्ताचं नातं आलं की अधिकाऱ्याला शंका येणारच, आणि ती यायलाच हवी असं माझं मत आहे. पोरांच्या फिया धंद्यात टाकणारे लोक मी पाहिलेत.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल या वादात दोन टोकांना उभे आहेत. एक सकाळ पेपर्सचा, ११४ आयटीआर २५६, सन १९७८ (आयटीआर म्हणजे ‘इन्कम टॅक्स रिपोर्ट्स’ हे निकालांचे खंड). संचालकांच्या मुलीला पत्रकारिता शिकायला अमेरिकेला पाठवण्याचा वर्तमानपत्राच्या कंपनीचा खर्च न्यायालयानं मान्य केला. दुसरा हिंदुस्तान होजिअरीचा, २०९ आयटीआर ३८३. तिथं भागीदाराच्या मुलाच्या परदेशातल्या शिक्षणाचा खर्च फेटाळला गेला. नातं दोन्हीकडं होतं. फरक पडला तो शिक्षण आणि धंदा यांच्यातल्या दुव्यानं. आमचं प्रकरण पहिल्या टोकाला आहे हे दाखवायचं होतं, आणि ते निकालांचे उतारे जोडून होत नाही. दुवा कागदावर दिसावा लागतो.

व्हिडिओ सुनावणी मागून घेतली. मॅडम म्हणाल्या, ‘सर, मी येणार. माझ्या दवाखान्याचं आहे, मीच सांगते.’ अधिकृत प्रतिनिधी म्हणून मी पुरेसा होतो, पण त्यांना नाही म्हणवलं नाही. सकाळची ओपीडी लेकीवर सोडून त्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आल्या, सोबत कापडी पिशवीत रजिस्टरं.

अधिकारी बाई होत्या. हिंदी-इंग्रजीत बोलत होत्या, स्वर शांत. मी नेमणूकपत्र, बँकेतून जाणारा पगार, आणि कोर्सनंतर ठराविक काळ दवाखान्यात काम करण्याचं मुलीचं लेखी कबुलीपत्र दाखवलं. पदवी नवी मिळालेली नाही, डेंटल कौन्सिलकडची नोंदणी बीडीएस होती ती बीडीएसच आहे, उद्या तिला एमडीएसला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, घातलं असतं तर गोष्ट वेगळी असती, हेही मांडलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, कबुलीपत्र काय, आई आणि मुलगी कधीही करू शकतात. बाहेरची असिस्टंट असती तर एवढा खर्च केला असता का?

प्रश्न रास्त होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मॅडम बोलल्या, त्यांच्या हिंदीत.

‘मॅडम, वरच्या पहिल्या दाढेला बाहेरून तीन मुळं असतात. आपण तीन नळ्या साफ करतो, भरतो, पेशंट घरी जातो. पण पुढच्या मुळात बऱ्याचदा चौथी नळी असते, अगदी बारीक. नुसत्या डोळ्यांनी ती सापडत नाही. राहिली की सहा महिन्यांनी, वर्षानं पेशंट परत येतो, गाल सुजवून. मग मी त्याला कोल्हापूरला पाठवायचे, नाहीतर तिथले स्पेशालिस्ट माझ्याकडं यायचे आणि त्यांची फी मी द्यायचे. माझी नजर आता पन्नाशीनंतर तेवढी राहिली नाही. दवाखान्यात कुणीतरी ती नळी शोधायला शिकायलाच हवं होतं. माझ्याकडं दुसरी डॉक्टर असती तर तिला पाठवलं असतं. होती ती माझी मुलगी.’

पलीकडं थोडा वेळ काही बोलणं नाही. मग प्रश्न आला, ‘स्पेशालिस्टची फी तुमच्या लेजरला दिसते?’

दिसत होती. आमच्याच ऑफिसात, आमच्याच टॅलीत होती. ‘कन्सल्टंट फी’ हे खातं मी तिथल्या तिथं स्क्रीनवर उघडलं. महिन्यातून दोन रविवार येणाऱ्या एन्डोडॉन्टिस्टच्या नोंदी, प्रत्येकीवर कलम १९४जे चा, म्हणजे व्यावसायिक फीवरचा, १० टक्के टीडीएस. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत एकही महिना रिकामा नाही. कोर्स डिसेंबरात संपला, सूक्ष्मदर्शक जानेवारीत लागला. फेब्रुवारीत एकच नोंद. मार्चमध्ये एकही नाही.

मग पिशवीतलं रजिस्टर निघालं. त्या वेळच्या आयकर नियम ६एफ प्रमाणं डॉक्टरांना नमुना ३सी मध्ये रोजचं केस रजिस्टर ठेवावं लागायचं: तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचं नाव, सेवेचा प्रकार, मिळालेली फी, मिळाल्याची तारीख. पुष्कळ दवाखान्यांत ते ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनानं लिहिलं जातं. मॅडमचं तसं नव्हतं. शाई बदलत होती, मध्येच रिसेप्शनिस्टचं अक्षर, एका पानावर चहाचा डाग. सेवेच्या रकान्यात दाढेचा क्रमांक आणि पुढं काम करणाऱ्याची आद्याक्षरं, ही सवय मॅडमनी स्वतःहून लावलेली. डिसेंबरपर्यंत दाढांच्या रूट कॅनॉलपुढं बाहेरच्या डॉक्टरांची अक्षरं, जानेवारीच्या मध्यापासून लेकीची. १६ आणि २६ या क्रमांकांपुढं, म्हणजे वरच्या उजव्या-डाव्या पहिल्या दाढांपुढं, काही ठिकाणी लहान अक्षरात ‘४ नळ्या’.

मी रजिस्टर कॅमेऱ्यापुढं धरणार, तर मॅडमनी माझा हात धरला. पेशंटची नावं दिसता कामा नयेत. मग आमच्या आर्टिकलनं (ऑफिसात सीएचं काम शिकणाऱ्या उमेदवारानं) पट्टी कापून नावांच्या रकान्यावर लावली आणि मगच पानं दाखवली. नंतर पोर्टलवर टाकलेल्या प्रतींतही नावं झाकलेलीच होती, अनुक्रमांक उघडे. अधिकारी बाईंनी त्याला हरकत घेतली नाही.

भांडवली खर्चाच्या मुद्द्यावर फार वेळ गेला नाही. सूक्ष्मदर्शक ६,५०,००० चा होता आणि तो आम्ही मालमत्तेतच धरला होता. १८० दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून १५ ऐवजी साडेसात टक्के घसारा, ४८,७५० रुपये. यंत्र भांडवली आणि ते वापरायला शिकणं चालू खर्च, ही विभागणी आमच्या पुस्तकात पहिल्यापासून होती.

शेवटी त्यांनी एक गोष्ट विचारली जी मला अपेक्षित नव्हती. मुलीच्या बीडीएसच्या फिया कुठून भरल्या होत्या? मी मागच्या वर्षांच्या फायली काढल्या. त्या सगळ्या मॅडमच्या ड्रॉइंग्जमधून, म्हणजे घरासाठी काढलेल्या पैशांतून, गेल्या होत्या, दवाखान्याच्या खर्चात एक रुपयाही नव्हता. त्यातली ट्यूशन फी फक्त ८०सी या वैयक्तिक करसवलतीच्या कलमाखाली, दीड लाखाच्या मर्यादेत दाखवलेली. त्या काळात मॅडमनी मला विचारलं होतं, सर, ही शेवटी दवाखान्यातच येणार आहे, तर फी खर्चात टाकू या का? मी होजिअरीच्या निकालाचं कारण देऊन नाही म्हटलं होतं, आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. तीच आई, तीच मुलगी, तोच दवाखाना. पदवीचा खर्च घरचा आणि कोर्सचा खर्च दवाखान्याचा, ही रेघ वाद उभा राहण्याच्या कितीतरी आधी ओढलेली होती. ‘ये भी अपलोड कीजिए,’ एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या मते निकाल तिथं फिरला. जो करदाता हक्क नाही तिथं हात आवरतो, त्याच्या हक्काच्या मागणीकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

आदेश मार्चमध्ये आला. कोर्सचे २,१२,४०० पूर्ण मान्य. आदेशात केस रजिस्टर आणि कन्सल्टंट फीचं खातं, दोन्हींचा उल्लेख होता. कोलोनच्या प्रदर्शनाचा प्रवेश आणि तिथला मुक्काम मान्य, विमानभाड्याचा मात्र अर्धा भाग कापला, कारण त्याच तिकिटावर पुढं पर्यटन झालं. हे मला पटलेलं नाही. प्रदर्शन नसतं तर मॅडम मार्चमध्ये दवाखाना बंद ठेवून युरोपात गेल्याच नसत्या, आणि स्वित्झर्लंड झालं नसतं तरी कोलोनचं तिकीट तेवढंच लागलं असतं. अपिलाला तीस दिवस होते. मी मॅडमना फोन करून तसं सांगितलं, मुद्दा लढवण्यासारखा आहे म्हणालो. त्यांनी कर किती येतो विचारलं, आकडा ऐकला आणि चलन पाठवा म्हणाल्या. मग लगेच, ‘सर, आमच्या दुसऱ्या असिस्टंटला लहान मुलांच्या दातांचा कोर्स करायचाय. पत्र आधी लिहून घेऊ का फी आधी भरू?’

पत्र आधी, मी म्हटलं, आणि फी दवाखान्याच्या खात्यातून, चेकनं.