आराखड्यातली ६२ मीटरची केबल

दृक्‌श्राव्य यंत्रणांचे आराखडे काढणे हे माझे काम. प्रोजेक्टर, पडदे आणि ध्वनिक्षेपक कुठे बसवायचे हे ठरवण्यात आमचा वेळ जात असेल, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळ केबल्स खातात. प्रत्येक केबल तीन ठिकाणी नोंदलेली असते. कोणते उपकरण कोणाला जोडले आहे हे सांगणारी जोडणी-आकृती, ती इमारतीतून कुठून जाते हे दाखवणारा मजल्याचा नकाशा, आणि क्रमांक, प्रकार व लांबी देणारी केबल-यादी. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली आहे, या भरवशावर पुढचे सगळे काम चालते.

एका मोठ्या सभागृहाच्या कामात रॅकची, म्हणजे उपकरणे बसवलेल्या कपाटाची, खोली ऐन वेळी रंगमंचाच्या बाजूवरून इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवण्यात आली. माझ्या सहकाऱ्याने नकाशात रॅकचे चिन्ह उचलून नव्या जागी ठेवले, त्याला जोडलेल्या सर्व रेघा आपोआप ताणल्या गेल्या आणि यादीतल्या लांब्याही बदलल्या. सॉफ्टवेअर विकताना हीच सोय सर्वांत आधी दाखवली जाते, आणि ती दिसते फार सुरेख. मुख्य प्रोजेक्टरच्या केबलपुढे ६२ मीटर असा आकडा आला. आम्ही घेतलेल्या एचडीबेसटी संचाला, म्हणजे नेटवर्क केबलवरून दूरवर चित्र पाठवणाऱ्या ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या जोडीला, १०८०पी (फुल एचडी) चित्रासाठी १०० मीटर आणि त्याहून बारकाव्याच्या ४के साठी ७० मीटर अशी उत्पादकाने घालून दिलेली मर्यादा होती. म्हणजे कागदावर सारे ठीक होते.

यंत्रणा चालू करून पाहण्याच्या दिवशी १०८०पी चित्र स्वच्छ आले. ४के लावले की काही सेकंदांनी पडदा काळा होई, परत उजळे, परत काळा होई. जमलेल्यांनी आधी प्रोजेक्टरवर संशय घेतला, मग चित्र पाठवणाऱ्या संगणकावर, मग रिसीव्हरवर. रिसीव्हर बदलला, दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नव्याने बसवले, तरी फरक पडला नाही. केबलच्या लांबीचा विचार बराच वेळ कोणाच्या मनात आला नाही, कारण यादीत ६२ लिहिले होते आणि छापलेल्या आकड्याला आमच्या व्यवसायात फार लवकर मान मिळतो.

लांबी मोजायला केबल उपसावी लागत नाही. चांगल्या केबलच्या आवरणावर दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. दोन टोकांचे आकडे वाचून वजाबाकी केली की काम झाले. पण त्यासाठी रॅकमधली नेमकी तीच केबल सापडायला हवी होती, आणि इथे दुसरी गोष्ट उघडी पडली. प्रोजेक्टरकडच्या लेबलवर व्ही-११२ होते, तर माझ्या हातातल्या यादीत व्ही-११२ ही केबल प्रवेशदालनातल्या डिस्प्लेची होती. रॅक हलवल्यानंतर सॉफ्टवेअरने सर्व केबल्सना नव्याने अनुक्रमांक दिले होते, आणि लेबले मात्र आधीच्या यादीवरून छापून चिकटवून झाली होती. शेवटी एका टोकाला टोन जनरेटर, म्हणजे केबल ओळखण्यासाठी तिच्यात ठरावीक सूर सोडणारे यंत्र, लावून रॅकमागच्या जुडग्यातून ती केबल शोधावी लागली. रॅककडच्या आवरणावर ०२१७ वाचले, प्रोजेक्टरकडे ०१३४. म्हणजे ८३ मीटर.

हिशेब मांडल्यावर त्यात गूढ काही उरले नाही. नकाशातली रेघ अग्निरोधक भिंतीतून सरळ पार गेली होती. केबल ट्रे, म्हणजे केबल्स वाहून नेणारी छताजवळची पन्हळ, त्या भिंतीला वळसा घालून ६९ मीटर जात होता. रॅकमधून ट्रेपर्यंत चढायला ३ मीटर, ट्रेवरून प्रोजेक्टरपर्यंत उतरायला ४ मीटर, आणि पुढे देखभालीसाठी रॅकमागे ४ व प्रोजेक्टरपाशी ३ मीटरचे वेटोळे. यातले काहीही सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हते, कारण त्याच्या लेखी केबल म्हणजे सपाट कागदावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ होती.

केबल ओढणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना हे सर्व ठाऊक होते, आणि ती गोष्ट मला आजही सतावते. त्यांनी स्वतःच्या वहीत प्रत्येक केबलची खरी लांबी लिहून ठेवली होती. मी विचारल्यावर त्यांनी शांतपणे पान उघडून दाखवले आणि म्हणाले, “साहेब, कागदावरची भिंत तुम्हाला आडवी येत नाही, आम्हाला येते. पण हे लिहायचं कुठे, ते कोणी सांगितलं नाही.” नंतरच्या बैठकीत वरिष्ठांनी त्यांनाच दोष दिला, की लांबी वाढते आहे हे त्यांनी वेळीच कळवायला हवे होते. मला हे सरळसरळ अन्यायाचे वाटले आणि मी तसे बोललोही. ७० मीटरची मर्यादा त्यांच्या हातातल्या यादीत छापलेलीच नव्हती. ती फक्त आमच्या कार्यालयातल्या तपशीलपत्रकात होती.

बंद झालेले छत पुन्हा उघडून, पाळणा लावून, त्या मार्गावर ऑप्टिकल फायबर टाकली आणि चित्र स्थिर झाले. त्यानंतर मी सॉफ्टवेअरच्या मांडणीत बदल करून घेण्याचा आग्रह धरला.

पहिला बदल क्रमांकाचा. आता केबल आराखड्यात आली की तिला क्रमांक मिळतो आणि तो कधीही बदलत नाही. केबल रद्द झाली तर तो क्रमांकही निवृत्त होतो, दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. यादीत मधले आकडे गळलेले दिसतात म्हणून काही सहकारी कुरकुर करतात. नीटनेटकी यादी पाहण्याचा हा हव्यास मला कळत नाही. केबल-लेबलिंगसाठी एव्हिक्सा या दृक्‌श्राव्य व्यवसायाच्या संघटनेचे, म्हणजे पूर्वीच्या इन्फोकॉमचे, २०१५ पासूनचे स्वतंत्र मानक आहे, आणि यादीतला क्रमांक व केबलवरचा क्रमांक जुळत नसेल तर कोणतेही मानक पाळून उपयोग नाही.

दुसरा बदल मार्गाचा. ट्रे आणि नळ्या आता उंचीसह तुकड्यातुकड्यांनी काढल्या जातात, केबल त्या तुकड्यांतूनच जाऊ शकते, आणि लांबी म्हणजे त्या तुकड्यांची, चढ-उतारांची आणि दोन्ही वेटोळ्यांची बेरीज. संकेताच्या प्रकाराप्रमाणे मर्यादाही केबलसोबतच नोंदलेली असते: तांब्याच्या इथरनेटला १०० मीटर, साध्या यूएसबी २.० ला ५ मीटर. ती ओलांडली की ओळ लाल होते. नळीत किती केबल्स मावतील हेही त्याच माहितीतून निघते. अमेरिकी विद्युत संहितेत तीन किंवा अधिक तारांसाठी नळीच्या छेदाच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे, ती आम्ही सर्वत्र धरतो.

मार्ग सॉफ्टवेअरने आपोआप निवडावा का, यावर मात्र आमचे एकमत नाही. सर्वांत जवळचा मार्ग अनेकदा दिव्यांच्या डिमरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) वीजतारांना लागून जातो, आणि त्यांच्यामुळे आवाजात खरखर येऊ शकत असल्याने मायक्रोफोनच्या केबलसाठी तो मार्ग सर्वांत वाईट ठरू शकतो. मी सध्या सॉफ्टवेअरला मार्ग सुचवू देतो, पण माणसाने मान्य केल्याशिवाय लांबीचा आकडा यादीत उतरू देत नाही. यात वेळ जातो हे खरे, आणि तरुण सहकाऱ्यांना तो वाया गेल्यासारखा वाटतो.

सर्वांत अधिक वाद झाला तो यादीतल्या दोन नव्या रकान्यांवरून: आवरणावरचा सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा. ते केबल ओढणाऱ्याने जागेवरच मोबाइलवरून भरायचे आणि फरक मर्यादेबाहेर गेला तर त्याच क्षणी आम्हाला कळायचे. रकाने ऐच्छिक ठेवावेत, असे वरिष्ठांचे म्हणणे होते, कारण स्वाक्षरी झालेल्या आराखड्याला बाहेरच्या माणसाने हात लावू नये. केबल ज्याच्या हातातून गेली तो बाहेरचा कसा, हे मला अजूनही पटलेले नाही. चालू कामाची यादी मी दोन्ही रकाने सक्तीचे करूनच पाठवली आहे, आणि ते भरल्याशिवाय अंतिम आराखड्यावर सही करणार नाही, असे लेखी कळवले आहे.