ज्येष्ठमध

परवा दुपारी स्वयंपाकघरातले वरचे फडताळ आवरताना एका पितळी डबीत ज्येष्ठमधाच्या चार काड्या सापडल्या, आणि त्यांतली एक दाढेखाली धरून मी काम तसेच टाकून बसलो. ज्येष्ठमध म्हटले की कुणाला खोकला आठवतो, कुणाला गाण्याची शिकवणी. मला मात्र इंग्लंडमधल्या यॉर्कशरची एक सायकलस्वार बाई आठवते, बेरिल बर्टन.

सप्टेंबर १९६७मधली ती बारा तासांची टाइम ट्रायल होती. स्वार एकामागून एक सुटतात, दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवायची मुभा नसते, आणि प्रत्येकाचे भांडण फक्त घड्याळाशी असते. माइक मॅक्नमारा त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करायला निघाला होता आणि तो त्याने केलाही, २७६.५२ मैलांचा. पण त्याच्या मागून सुटलेल्या बेरिलने त्याला वाटेतच गाठले, आणि पुढे निघून जाण्याआधी खिशातली ज्येष्ठमधाची गोळी त्याच्यापुढे धरली. त्याने आभार मानून ती घेतली. दिवसअखेर बेरिलचे अंतर भरले २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर; मुंबई-पुणे रस्ता तीनदा कापावा इतके. पुरुषांना तो आकडा ओलांडायला दोन वर्षे लागली आणि बायकांना पन्नास.

तिकडे त्या गोळ्यांना 'लिकरिश ऑलसॉर्ट्स' म्हणतात, आणि यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्ट गावी एके काळी ज्येष्ठमधाची शेती होत असे. बेरिल स्वतः राबायची ती मात्र रुबार्बच्या मळ्यावर. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातली रेवाचिनी याच कुळातली. लहानपणी संधिवाताच्या तापाने ती महिनोन्महिने रुग्णालयात होती आणि डॉक्टरांनी तिला दगदग करायची नाही असे बजावले होते. पुढे तिने रस्त्यावरच्या शर्यतीत दोन आणि ट्रॅकवरच्या पर्स्यूटमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग करायच्या शर्यतीत, पाच जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि वर्षभरातल्या टाइम ट्रायलमधल्या सरासरी वेगावर ठरणारा बायकांचा 'ब्रिटिश बेस्ट ऑल-राउंडर' हा मान १९५९पासून सलग पंचवीस वर्षे कुणाकडे जाऊ दिला नाही. ऑलिंपिक तेवढे राहिले, कारण बायकांची सायकल शर्यत तिथे १९८४ साली आली, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

ती गोळी म्हणजे माया होती की टोमणा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आजीने माझ्या रुमालाच्या टोकाला अशीच एक काडी बांधून दिली होती. शेजारी बसलेल्या मुलाचा घसा बसला होता. त्याने तुकडा मागितला, आणि मी रुमाल खिशात आणखी खोल सारत, संपली, असे धडधडीत खोटे सांगितले. तो त्याच बसक्या आवाजात बोलला आणि पहिला आला. घरी आजीने गाठ सोडली तेव्हा काडी जशीच्या तशी होती, कारण त्याच्या देखत मला ती चघळताच आली नव्हती. स्पर्धेत असताना हातचे काही देणे किती जड जाते, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. तेव्हा टोमणा असला तरी तिने गोळी दिली, हे मी तिच्या खात्यावर जमा धरतो.

पण १९७६च्या राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या झेपेत पोटच्या मुलीने, डेनिसने, तिला हरवले, तेव्हा बेरिलने तिच्याशी हात मिळवायला नकार दिला. चार वर्षांपूर्वी याच मायलेकी जागतिक स्पर्धेच्या ब्रिटिश संघात एकत्र होत्या. वाचणारे इथे हळहळतात. मला मात्र गोळी देणाऱ्या बेरिलपेक्षा हात आखडणारी बेरिल अधिक ओळखीची वाटते, आणि हे कबूल करताना मला फारसे वाईटही वाटत नाही.

मे १९९६मध्ये, एकोणसाठाव्या वाढदिवसाला जेमतेम आठवडा उरला असताना, त्या समारंभाची निमंत्रणे वाटायला ती सायकलवरून निघाली होती. वाटेतच तिचे हृदय थांबले. किती निमंत्रणे वाटून झाली होती कोण जाणे.